"एक्स्पेक्टेड किती?" ला काय उत्तर द्यायचं? स्लिपवर पगार कमी दिसतोय, गुरुवारी इंटरव्ह्यू आहे

व्हर्नियर_कुपवाड
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. मी कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, इथंच चार वर्षं पाच महिने झाले. शिरवळच्या एका कंपनीतनं फोन आला, टेक्निकल राउंड फोनवरच झाला आणि चांगला झाला, आता गुरुवारी प्रत्यक्ष बोलावलंय, प्लँट हेड आणि एचआर दोघं बसणार आहेत म्हणे. एचआरच्या बाईंनी फोन ठेवता ठेवता विचारलं करंट सीटीसी (कंपनी आपल्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) किती आणि एक्स्पेक्टेड किती, मी गडबडलो आणि "मॅडम समोर बोलू" म्हणून वेळ मारून नेली.

आता खरी गोची सांगतो. आमच्या शॉपात स्लिपवर १५,५०० दाखवतात, सगळं बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता). पीएफ १,८६०, ईएसआय (सरकारी आरोग्य विमा) ११७, पीटी (व्यवसाय कर) २०० कापून बँकेत येतात १३,३२३. आणि दर महिन्याच्या दहा तारखेला व्हाउचरवर सही घेऊन पाकिटात ७,००० रोख. म्हणजे हातात वीस हजार तीनशे येतात पण कागदावर मी साडेपंधराचा माणूस. तीन महिन्यांच्या स्लिपा घेऊन या म्हणाल्यात. खरं सांगितलं तर विश्वास ठेवतील का, आणि स्लिपच धरली तर साडेपंधरावर ३० टक्के हाइक म्हणजे वीस हजार, म्हणजे आत्ता आहे तेवढंच, वर शिरवळला रूम करून राहायचं. दोस्त म्हणतोय स्लिप एडिट करून ने, आजकाल सगळे करतात. मला भीती वाटते.

काम म्हणाल तर सीएमएमचे (पार्टची मापं घेणारं मशीन) प्रोग्राम मीच करतो, पीपॅपच्या (कस्टमरकडनं पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं) फायली मीच बनवतो, कस्टमरची कम्प्लेंट आली की पुण्याला पळायला पण मीच. फोनवर बजेट विचारायला सुचलं नाही पण ज्याच्या ओळखीनं गेलो तो म्हणाला वर्षाला ३.६० लाखापर्यंत देतात. ते चांगलं आहे का तेही कळेना. घरी आई आणि मी, दोघंच.

जत_एक्सप्रेस
भावा मागत बसू नको. मी असाच एकदा ताठ मानेनं "पस्तीसच्या खाली नाही" म्हणालो होतो, "कळवतो" म्हणाले, अजून कळवतायत. शिरवळला लाईन लागलीय पोरांची, तू नाही तर दुसरा. काय देतील ते घे, आत शिर, मग वर्षभरानं बघ.

साताऱ्याची_एचआर
जत_एक्सप्रेस, तुमचा अनुभव खरा असेल पण "आत शिर मग बघ" हा सल्ला मला पटत नाही, कारण आत शिरल्यावर इन्क्रिमेंट टक्क्यातच मिळतं, आणि सुरुवातीचा आकडा कमी असला की ते टक्के पण बारकेच पडतात. मी स्वतः सातारा साईडला दहा वर्षं भरती करतेय, टेबलाच्या पलीकडनं बोलते म्हणा.

व्हर्नियर, आधी स्लिपचं. एडिट अजिबात करू नकोस, मनातनं काढूनच टाक. आम्ही पीएफचं पासबुक मागतो, त्यात दर महिन्याला कितीच्या पगारावर पीएफ भरला ते स्पष्ट दिसतं, यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) कधी लागला कधी सोडलं तेही दिसतं. स्लिप एक म्हणते आणि पासबुक दुसरं, असं दिसलं की आम्ही फोनसुद्धा करत नाही. आणि खरं सांगायला लाजू नको. कुपवाड, मिरज, पलूस, इकडं कोडोलीपर्यंत छोट्या शॉपमधनं येणारी निम्मी पोरं हेच सांगतात, आम्हाला काय नवीन नाही ते. फक्त पद्धत बघ: "मॅडम, बँकेतनं अमुक, व्हाउचरवर तमुक, एकूण हातात वीस हजार तीनशे, व्हाउचरचा कागद माझ्याकडं नाही." एवढंच सांगायचं, शेठला शिव्या द्यायच्या नाहीत, आपली गाऱ्हाणी सांगायची नाहीत.

आता ३.६० चं. आकडा ऐकून महिन्याला तीस हजार वाटतात ना? वही घे आणि माझ्याबरोबर मांड. महिन्याचे ३०,०००. त्यातले १० टक्के व्हेरिएबल असतात बहुतेक ठिकाणी, ३,००० गेले, ते वर्षाअखेरीला आले तर आले. राहिले २७,०००. बेसिक निम्मं म्हणजे १५,०००, त्यावर कंपनीचा पीएफ १,८०० तुझ्याच सीटीसीत धरलेला असतो. ग्रॅच्युइटी (पाच वर्षं भरल्यावर सोडताना मिळते ती रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ७२२. मेडिक्लेमचा हप्ता पाचशे धर. उरले २३,९७८, हा तुझा ग्रॉस. आता तुझा स्वतःचा पीएफ १,८०० आणि पीटी २०० काढ. हातात २१,९७८.

म्हणजे ३.६० घेऊन तू आत्तापेक्षा फक्त साडेसोळाशे जास्त घेणार, आणि रूम-मेस धरली तर दर महिन्याला खिशातनं घालणार. हे मांडल्याशिवाय गुरुवारी जाऊ नकोस.

व्हर्नियर_कुपवाड
ताई खरं सांगू का, हे वाचून पोटात गोळा आला. मी तीस हजार समजून आईला सांगून पण बसलो.

विश्रामबागवाली
😄 सगळेच सांगतात. माझी पहिली ऑफर हिंजवडीत ३.५ ची होती, आमच्या घरी पेढे वाटले, पहिला पगार बघून पप्पा म्हणाले अगं अर्धा महिनाच भरलास का.

आयटी वेगळं असतं मान्य पण एक गोष्ट सगळीकडं सारखी आहे, जुना पगार विचारला की तिथनं टक्के मोजायला सुरुवात होते आणि तू अडकतोस. मी काय करते, सरळ विचारते की "या पोस्टला तुम्ही काय रेंज ठरवलीय?" बऱ्याचदा सांगतात. नाही सांगितली तर आपण सांगायची, पण रेंज नाही, एकच आकडा. रेंज सांगितली की समोरचा खालचा आकडाच ऐकतो, हे मी माझ्यावरनं सांगते, "पाच ते सहा" म्हणाले आणि पाच मिळाले, मीच दिले की त्यांना.

साताऱ्याची_एचआर
बरोबर आहे, आम्ही खालचाच ऐकतो 🙂

फॉर्मवर "नेगोशिएबल" लिहितात पोरं, तेही नको. ती जागा रिकामी ठेवलेली चालते, पण नेगोशिएबल म्हटलं की आम्ही समजतो याला हिशोब माहिती नाही.

व्हर्नियर, तुला हातात २८ हजार पाहिजेत असं धरून उलटं मांडलं तर फिक्स्ड (व्हेरिएबल सोडून) चार लाख मागावे लागतात. ३३,३३३ मधनं पीएफ १,८००, ग्रॅच्युइटी ८०२, मेडिक्लेम ५०० गेले की ३०,२३१, त्यातनं तुझे दोन हजार गेले की २८,२३१. मी पीएफ पंधरा हजारांच्या लिमिटवरच धरलाय, काही कंपन्या पूर्ण बेसिकवर कापतात, ते विचारून घे. तो पैसा तुझाच आहे पण महिन्याच्या बजेटात फरक पडतो. आणि जुन्या काळासारखं बेसिक पार तळाला नेऊन बाकी भत्ते, हे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाल्यावर अवघड झालंय, भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेजेसमध्येच धरायचा असा नियम आहे. इन्कम टॅक्सची चिंता या आकड्याला नाहीच.

म्हणून सीटीसी बोलूच नको. "फिक्स्ड" बोल. हा एक शब्द वापरलास की समोरच्याला कळतं पोरगं शिकून आलंय.

आणि कशाच्या जोरावर मागणार ते ठरव. "घरभाडं आहे, आई आहे" हे सगळ्यांनाच असतं, त्यावर पगार वाढत नाही. सीएमएम प्रोग्रामिंग येणारा माणूस ऑपरेटरच्या पगारात मिळत नाही हे प्लँट हेडला माहिती असतं. एखादं काम सांगता येईल का जिथं तुझ्यामुळं पैसे वाचले?

व्हर्नियर_कुपवाड
एक आहे. ॲल्युमिनियमचं हाऊसिंग, ६२ मिमीचा बोअर (आतलं गोल भोक), टॉलरन्स एच७, म्हणजे खेळायला सगळे मिळून ३० मायक्रॉन. आमच्याकडं ओके होऊन जायचं आणि कस्टमरकडं अंडरसाईज निघायचं, तीन लॉट परत आले, शेठ ऑपरेटरवर ओरडायचा, ऑपरेटर गेजवर. मी दोन दिवस मशीनपाशी उभा राहिलो तर कळलं की गडी जॉब मशीनमधनं काढून गरम गरम मोजतोय. ॲल्युमिनियम ते, पंधरा डिग्री जरी जास्त असलं तरी ६२ ला वीस मायक्रॉन फुगतंय, थंड झालं की बोअर बसला खाली. मग ग्रॅनाइटच्या टेबलावर चाळीस मिनिटं ठेवून मोजायचं असं लावून दिलं आणि ऑफसेट (मशीनमधली मापाची सेटिंग) वर घेतला, त्यानंतर त्या पार्टचा एक पण लॉट परत आला नाही. पण ही काय सांगायची गोष्ट आहे का, साधं फिजिक्स आहे की.

साताऱ्याची_एचआर
अरे हीच सांगायची गोष्ट आहे! प्लँट हेडपुढं हेच सांग, असंच सांग, पार्टचं आणि कस्टमरचं नाव तेवढं घेऊ नकोस.

माधवनगरकर
पोरांनो मी अकाउंट्समधनं रिटायर झालोय, उशिरा आलोय चर्चेत. दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पहिली, ग्रॅच्युइटी. बाळ तुझी चार वर्षं पाच महिने झालीत. पाच वर्षं भरली की १५ भागिले २६ गुणिले शेवटचं बेसिक-डीए गुणिले वर्षं. तुझ्या साडेपंधरावर ती होते ४४,७०० च्या आसपास. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर पाच वर्षं धरावीत असे हायकोर्टाचे निकाल आहेत पण छोटे मालक ते सहजासहजी मानत नाहीत, भांडावं लागतं, मी दोन्ही बाजूंनी बघितलंय. म्हणजे आत्ता सोडलंस तर हे पैसे पाण्यात. एकतर जॉइनिंग लांबवून माग, नाहीतर "माझं एवढं नुकसान होतंय, जॉइनिंग बोनस द्या" असं म्हण. ही मागणी वाजवी आहे, कागदावर हिशोब करून दाखवता येते. आणि बघ, व्हाउचरचे सात हजार या हिशोबात कुठंच नाहीत. पीएफमध्ये नाहीत, ग्रॅच्युइटीत नाहीत, उद्या बँकेत घरासाठी कर्ज मागायला गेलास तर तिथंही नाहीत. दहा तारखेचं पाकीट गोड लागतं पण ते तुझंच पुढचं खाऊन दिलेलं असतं.

दुसरी, आईची. आत्ता तुला ईएसआय आहे, त्यात अवलंबून असलेल्या आईवडिलांचा औषधपाणी येतो. २१,००० च्या वर पगार असलेल्या ठिकाणी नवीन लागलास की ईएसआय नाही. आईला बीपी-शुगर काही आहे का? कंपनीचा मेडिक्लेम बऱ्याच ठिकाणी नवरा-बायको-पोरं एवढाच असतो, आईवडील नसतात. विचार त्यांना. पगार वाढला आणि आईचा दवाखाना खिशातनं, असं नको.

व्हर्नियर_कुपवाड
काका आईची शुगरची गोळी मिरजेच्या ईएसआयच्या डॉक्टरकडनंच चालू आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं. लई उपकार.

जत_एक्सप्रेस
एवढं सगळं विचारलंस तर तिथनंच परत पाठवतील मर्दा 😂 पण माहिती भारी आहे, मी पण सेव्ह करून ठेवली.

चारभिंती
शिरवळला रूम करू नको. मी साताऱ्यातनं ये-जा करतो, बऱ्याच कंपन्यांची बस बॉम्बे रेस्टॉरंट चौक आणि वाढे फाट्यावरनं भरते. साताऱ्यात रूम स्वस्त, शनिवारी सांगलीला जायचं तरी आपण खंबाटकीच्या अलीकडंच. बस फुकट आहे की पगारातनं कापतात ते विचार, आमच्यात ६०० कापतात. घाटात अडकली की शिफ्ट लेट मार्क होतो का हेही विचार, हसू नका, माझे दोनदा झालेत.

व्हर्नियर_कुपवाड
जाऊन आलो. सगळ्यांनी मदत केली म्हणून सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

प्लँट हेडना बोअरची गोष्ट सांगितली, ते खुर्चीत पुढं सरकले, म्हणाले "आमच्याकडं आत्ता हेच चाललंय," मग अर्धा तास आम्ही दोघं ऑफसेटवरच बोलत बसलो, एचआर मॅडम मोबाईल बघत होत्या. ते गेल्यावर मॅडमनी विचारलं करंट किती. मी ताईंनी सांगितलेलं वाक्य पाठ करून गेलो होतो, जसंच्या तसं म्हणालो. त्या हसल्या, "कुपवाडचे का?" म्हणाल्या, झालं, विषय संपला. त्यासाठी मी आठवडाभर झोपलो नव्हतो.

मग एक्स्पेक्टेड. मी रेंज विचारली तर सांगितली नाही, "तुम्ही सांगा" म्हणाल्या. मी ४.२० फिक्स्ड म्हणालो. एक आकडा सांगून गप्प बसायचं ठरवलं होतं पण ते काय जमलं नाही, त्यांनी नुसतं वहीकडं बघितलं आणि माझ्या तोंडातनं "थोडं कमीजास्त चालेल" निघून गेलं. गाडी तिथंच घसरली. त्यांनी ३.६० काढला. मी वहीतला ताईंचा हिशोब पुढं केला की यात हातात २१,९७८ येतात, मी आत्ता वीस हजार तीनशे घरी राहून घेतो. त्या वहीकडं बघत राहिल्या, म्हणाल्या कुणी करून दिलं? मी म्हणालो ताईंनी. खोटं नाही ते!

शेवटी ३.९६ वर आलं. व्हेरिएबल त्यांच्याकडं पूर्ण प्लँटच्या पीपीएमवर (दहा लाखांत किती पार्ट खराब) आहे, मी म्हणालो फौंड्रीचं रिजेक्शन माझ्या हातात नाही, ते माझ्या पगाराला कशाला लावता, तर ३६ हजाराचं १८ हजार केलं, उरलेलं फिक्स्डमध्ये. बस वाढे फाट्यावरनं फुकट. जॉइनिंग ४५ दिवसांनी, त्याच्या पलीकडं थांबायला तयार नाहीत, म्हणजे काकांची ग्रॅच्युइटी काही बसत नाही. त्याबद्दल १५,००० जॉइनिंग बोनस देतो म्हणाल्या, वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यायचे. आईचं मात्र झालं नाही. मेडिक्लेममध्ये आईवडील आपल्या खर्चानं घालता येतात, हप्ता किती ते एप्रिलला रिन्यूअलला कळेल म्हणाल्या. तोपर्यंत गोळ्या खिशातनं.

माझ्या हिशोबानं हातात २६,४०६ येतात. ताई बरोबर आहे का?

साताऱ्याची_एचआर
३,७८,००० फिक्स्ड, महिन्याला ३१,५००, वजा १,८००, ७९४, ५००, मग वजा २,०००. बरोबर आहे, २६,४०६. शाब्बास! "थोडं कमीजास्त" वाल्या वाक्याचे वीसेक हजार गेले तुझे, पण असू दे.

माधवनगरकर
ऑफर लेटर हातात आलं का? राजीनामा दिला नाहीस ना?

व्हर्नियर_कुपवाड
नाही काका, फोनवरच कन्फर्म केलंय, लेटर उद्या मेल करतो म्हणाल्या. राजीनामा लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलाय, गेजच्या डब्याखाली. शेठला कुठनं तरी कुणकुण लागलीय, काल सहज आल्यासारखा आला आणि म्हणाला पुढच्या महिन्यापासनं व्हाउचर तीन हजारानं वाढवतो.

विश्रामबागवाली
व्हाउचर 🤦‍♀️

व्हर्नियर_कुपवाड
लेटर आलं. सीटीसी ३.९६ बरोबर आहे पण ॲनेक्शरमध्ये (पगाराच्या तपशिलाचं जोडपत्र) व्हेरिएबल ३६,००० च लिहिलंय, आणि जॉइनिंग बोनसचा उल्लेखच नाही. सही करून आजच पाठवा असं लिहिलंय. मी फोन लावू का मॅडमना?

साताऱ्याची_एचआर
फोन नको. त्याच मेलला रिप्लाय कर, दोन ओळी: गुरुवारच्या बोलण्यात व्हेरिएबल १८,००० आणि जॉइनिंग बोनस १५,००० ठरलं होतं, ॲनेक्शर दुरुस्त करून पाठवावं, सही करून लगेच पाठवतो. प्लँट हेडना सीसीमध्ये ठेव. आम्ही जुनं टेम्प्लेट कॉपी करतो, नव्वद टक्के वेळा चूकच असते. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी लेखी.

व्हर्नियर_कुपवाड
पाठवला.

व्हर्नियर_कुपवाड
चार तासांनी नवीन पीडीएफ आली, दोन्ही दुरुस्त, "टायपिंग मिस्टेक, सॉरी" असं लिहिलंय. बोनसपुढं वर्षाच्या आतली अट पण घातलीय, ती बोललो होतोच. प्रिंट काढायला विश्रामबागला चाललोय, येताना गेजच्या डब्याखालचा कागद काढतो.

जत_एक्सप्रेस
भावा तो वहीतला हिशोब फोटो काढून टाक की इथं. माझा पण शनिवारी आहे.